अणुबॉम्बच्या निर्णयाची पेटी : कागद अस्सल, पुस्तिका कच्ची

अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत सध्या एक निळी पुठ्ठ्याची पेटी मिळते. १९४५ साली अमेरिकेने जपानवर अणुबॉम्ब टाकायचा निर्णय कसा घेतला, हे मूळ कागदांवरून समजून घ्यावं, असा तिचा उद्देश. अकरावी-बारावीचे आणि पदवीचे वर्ग, वाचनकट्टे, अभ्यासमंडळं यांच्यासाठी ती काढली आहे. आत २२ कागदपत्रांच्या प्रती आहेत, प्रत्येकीच्या मागच्या बाजूला मराठी भाषांतर आहे. शिवाय १२ भूमिकापत्रं, घडीचा कालपट, हिरोशिमाचा नकाशा, वर्तुळं छापलेला एक पारदर्शक ताव आणि ४० पानांची मार्गदर्शक पुस्तिका. किंमत ९५० रुपये.

कागदांसाठी पेटी जरूर घ्यावी. मराठीत हा ऐवज इतका हाताशी दुसरीकडे मिळत नाही. पण पुस्तिका उघडून तीत सांगितलंय तसाच वर्ग घेतला, तर मुलं चुकीचा प्रश्न घेऊन घरी जातील. त्यामुळे पेटी कशी वापरायची आणि कुठे दुरुस्त करून घ्यायची, ते सविस्तर सांगणं भाग आहे.

आधी पेटीतला सगळ्यात मोलाचा कागद. २५ जुलै १९४५ चा आदेश. वॉशिंग्टनहून जनरल थॉमस हँडी यांनी पॅसिफिकमधल्या बॉम्बर विमानदलांचे प्रमुख जनरल कार्ल स्पाट्झ यांना दिलेला. हँडी हे तेव्हा लष्करप्रमुखांचं काम पाहत होते, कारण लष्करप्रमुख मार्शल दोस्त राष्ट्रांच्या परिषदेसाठी जर्मनीत पॉट्सडॅमला होते. आदेशात अवघे चार क्रमांकित परिच्छेद आहेत. पहिल्यात म्हटलंय की ५०९ क्रमांकाचा विमानगट साधारण ३ ऑगस्टनंतर, लक्ष्य डोळ्यांनी दिसेल असं हवामान मिळताच, पहिला 'खास बॉम्ब' हिरोशिमा, कोकुरा, नीगाता आणि नागासाकी यांपैकी एका ठिकाणी टाकेल. दुसऱ्यात, पुढचे बॉम्ब तयार होतील तसतसे याच लक्ष्यांवर टाकले जातील. तिसऱ्यात, या शस्त्राबद्दल माहिती देण्याचा अधिकार फक्त युद्धमंत्री आणि राष्ट्राध्यक्ष यांना. चौथ्यात, हा आदेश युद्धमंत्री आणि लष्करप्रमुख यांच्या सांगण्यावरून व संमतीने दिला आहे.

हा कागद मोठ्याने, सावकाश वाचायला लावा आणि मग वर्गाला एकच काम द्या : राष्ट्राध्यक्षांचा उल्लेख कुठे आहे ते बोट ठेवून दाखवा. तो फक्त तिसऱ्या परिच्छेदात सापडतो, म्हणजे बातमी कोणी द्यायची तिथे. बॉम्ब कोणी टाकायचा, कधी, कुठे, किती, यात तो नाही. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या सहीचा 'बॉम्ब टाका' असा लेखी हुकूम अस्तित्वातच नाही. त्यांना सगळं माहीत होतं आणि त्यांनी ते थांबवलं नाही, हेही तितकंच खरं. पण 'एका माणसाने एका रात्री घेतलेला निर्णय' हे जे चित्र आपल्या डोक्यात असतं, ते या एका पानाने मोडतं. पेटीचे निम्मे पैसे इथेच वसूल होतात.

आणि नेमक्या इथेच पुस्तिका घसरते. पान १४ वर ट्रुमन यांनी ३१ जुलैला पेन्सिलीने खरडलेला निरोप छापलाय आणि खाली 'बॉम्बहल्ल्याला अंतिम मंजुरी' असा मथळा दिलाय. निरोपाचा मजकूर असा की सूचना मान्य आहेत, तयार झाल्यावर प्रसिद्ध करा, पण २ ऑगस्टच्या आधी नको. ही मंजुरी बॉम्बसाठी नाही. बॉम्ब पडल्यावर जे निवेदन द्यायचं, त्याच्या मसुद्यात युद्धमंत्री स्टिमसन यांनी काही बदल सुचवले होते, त्यांना दिलेलं हे उत्तर आहे. इंग्रजीतल्या 'रिलीज' या शब्दाने अनेकांना फसवलंय. तो विमानातून सोडायच्या बॉम्बलाही लागतो आणि वर्तमानपत्राला सोडायच्या निवेदनालाही. पान १४ वर कागद चिकटवून टाका, नाहीतर २५ जुलैच्या आदेशावर केलेली मेहनत वाया जाईल.

याहून मोठी उणीव म्हणजे १० ऑगस्टचा कागद पेटीत नाहीच. त्या दिवशी अणुबॉम्ब बनवणाऱ्या प्रकल्पाचे प्रमुख जनरल ग्रोव्हज यांनी मार्शल यांना कळवलं की पुढचा बॉम्ब १७ किंवा १८ ऑगस्टनंतर हवामान अनुकूल होताच टाकता येईल. मार्शल यांनी त्याच कागदावर हाताने लिहिलं की राष्ट्राध्यक्षांच्या स्पष्ट परवानगीशिवाय तो जपानवर टाकायचा नाही. म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या संमतीची अट दोन शहरं बेचिराख झाल्यावर आली. २५ जुलैचा दुसरा परिच्छेद, 'तयार होतील तसतसे', आणि १० ऑगस्टची ही ओळ शेजारी ठेवली की दुसऱ्या बॉम्बसाठी वेगळा निर्णय झाला होता का, याचं उत्तर शिक्षकाला सांगावं लागत नाही. नागासाकीसाठी नवा आदेश निघालाच नव्हता. ११ ऑगस्टला ठरलेलं उड्डाण हवामानाचा अंदाज वाईट निघाला म्हणून ९ तारखेवर आणलं गेलं, आणि ते पॅसिफिकमधल्या अमेरिकी तळांवरच ठरलं. हा कागद वेगळा छापून घ्या आणि २३ क्रमांक देऊन पेटीत ठेवा.

आता भूमिकापत्रांकडे. १२ पत्रं आहेत : बॉम्बच्या वापराबद्दल सल्ला देणाऱ्या हंगामी समितीचे आठ जण (स्टिमसन, हॅरिसन, बर्न्स, बार्ड, क्लेटन, बुश, कार्ल कॉम्प्टन, कोनंट) आणि शास्त्रज्ञांच्या मंडळाचे चौघे (ओपेनहायमर, फर्मी, लॉरेन्स, आर्थर कॉम्प्टन). निवड बरोबर आहे. ३१ मे आणि १ जून १९४५ च्या बैठकीची नक्कल करायची, अशी कल्पना. पण पुस्तिका त्यांना प्रश्न देते, 'बॉम्ब टाकावा की टाकू नये?' आणि हात वर करून मतदान घ्यायला सांगते. त्या बैठकीत हा प्रश्न ठेवलाच नव्हता. प्रश्न होता कसा वापरायचा याचा. समितीची शिफारस अशी झाली की पूर्वसूचना देऊ नये, निव्वळ नागरी वस्ती हे लक्ष्य धरू नये, पण शक्य तितक्या लोकांच्या मनावर खोल परिणाम व्हावा. आणि सर्वांत योग्य लक्ष्य म्हणजे भरपूर कामगार असलेला, कामगारांच्या घरांनी वेढलेला महत्त्वाचा युद्ध-कारखाना. हे वाक्य पेटीतल्या नवव्या कागदात आहे. त्यातली 'घरांनी वेढलेला' ही अट आणि 'नागरी वस्ती नको' ही अट एकत्र वाचल्यावर वर्गात जी शांतता पसरते, ती मतदानाने कधीच येणार नाही.

म्हणून नक्कल करताना प्रश्न बदला. तीन प्रश्न पुरतात : इशारा द्यायचा का, निर्जन जागी प्रात्यक्षिक दाखवायचं का, लक्ष्य कोणतं? आणि कागद एकदम वाटू नका. आधी ३१ मेचं टिपण. मग ११ जूनचा फ्रँक अहवाल, ज्यात शिकागोच्या शास्त्रज्ञांनी अचानक वापराला विरोध करून प्रात्यक्षिक सुचवलं होतं. मग १६ जूनला शास्त्रज्ञांच्या मंडळाने दिलेलं मत, की युद्ध संपवील असं कोणतंही प्रात्यक्षिक आम्ही सुचवू शकत नाही. मग २७ जूनचं बार्ड यांचं टिपण, ज्यात जपानला दोन-तीन दिवस आधी काहीतरी पूर्वसूचना द्यावी असं म्हटलंय. समितीत बसलेल्या माणसानेच महिन्याभरात वेगळा सूर लावला, हे मुलांना त्या क्रमानेच कळतं. शेवटी १७ जुलैचा भौतिकशास्त्रज्ञ झिलार्ड यांचा अर्ज, ७० सह्यांचा, जो ट्रुमन यांच्यापर्यंत पोहोचलाच नाही. गट १२ पेक्षा मोठा असेल तर उरलेल्यांना मार्शल आणि ग्रोव्हज यांच्या भूमिका द्या. ते सदस्य नव्हते, पण ३१ मेला बोलावलेले होते आणि खोलीत हजर होते.

बर्न्स यांच्या भूमिकापत्रावर 'परराष्ट्रमंत्री' छापलंय, ते खोडा. ३१ मेला त्यांच्याकडे कोणतंच पद नव्हतं. ते समितीत ट्रुमन यांचे वैयक्तिक प्रतिनिधी म्हणून बसले होते. परराष्ट्रमंत्री झाले ३ जुलैला. फरक बारीक वाटेल, पण पत्रावर पद छापलं की भूमिका करणारा मुलगा परराष्ट्र खात्याच्या तोंडून बोलू लागतो आणि बर्न्स यांच्या शब्दाला खरं वजन कुठून आलं होतं ते हरवतं.

स्टिमसन यांच्या पत्रावर क्योतोची गोष्ट आहे, मधुचंद्राला तिथे गेल्यामुळे त्यांनी ते शहर वाचवलं अशी. ही लोकप्रिय आहे आणि चुकीची आहे. त्यांचं लग्न १८९३ चं, क्योतो पाहिलं १९२६ मध्ये. मे महिन्यात बॉम्बसाठी शहरं निवडणाऱ्या लक्ष्य-समितीच्या यादीत क्योतो आणि हिरोशिमा वरच्या श्रेणीत होते. क्योतो काढायला लावताना स्टिमसन यांनी २४ जुलैला ट्रुमन यांच्यापुढे जे कारण मांडलं, ते राजकारणाचं होतं : असं शहर जाळलं तर युद्धानंतर जपानी लोक आपल्याऐवजी रशियाकडे झुकतील. क्योतोच्या जागी यादीत नागासाकी आलं. एवढं पत्रावर छापलं असतं तर मधुचंद्राची गरज पडली नसती.

भाषांतर एकंदर चांगलं आहे, वाक्यं मराठी वळणाची आहेत, आणि ज्याने केलंय त्याने कष्ट घेतलेत हे दिसतं. पण तीन ठिकाणी शब्दाने अर्थ बिघडवलाय.

पहिलं ठिकाण सगळ्यात गंभीर. १८ जूनच्या व्हाइट हाउसमधल्या बैठकीत १ नोव्हेंबरला जपानच्या क्यूशू बेटावर सैन्य उतरवायच्या योजनेवर चर्चा झाली. पहिल्या ३० दिवसांतली हानी फिलिपाइन्समधल्या लुझॉनच्या लढाईपेक्षा जास्त नसावी, असा अंदाज मांडला गेला; लुझॉनचा आकडा होता ३१,०००. मराठीत छापलंय 'मृत'. मूळ शब्दात मृत, जखमी आणि बेपत्ता तिन्ही येतात. त्याला आपल्याकडे हताहत हा रूढ शब्द आहे, तोच लिहायला हवा. पुढे १९४७ च्या फेब्रुवारीत स्टिमसन यांचा लेख आला आणि त्यात दहा लाखांवर हताहत असा आकडा आला. पुस्तिकेने त्याचंही 'दहा लाख सैनिक मेले असते' करून टाकलंय. युद्ध चालू असताना बैठकीत मांडलेला आकडा आणि युद्धानंतर दीड वर्षाने समर्थनासाठी मांडलेला आकडा, यांतला फरक हा या विषयातला सगळ्यात गरम वाद आहे. तो वाद शिकवायचा तर निदान दोन्हीकडे एकच वस्तू मोजली जातेय, हे नीट सांगायला हवं. दोन्ही कागदांवर 'मृत' खोडून 'हताहत' लिहा.

दुसरं, 'मोकुसात्सु'. २८ जुलैला जपानचे पंतप्रधान सुझुकी यांनी शरणागतीची मागणी करणाऱ्या पॉट्सडॅम जाहीरनाम्याबद्दल हा शब्द वापरला. 'मोकु' म्हणजे मौन, 'सात्सु' म्हणजे मारणं. गप्प राहून दुर्लक्ष करणं, असा अर्थ. पेटीत 'धुडकावून लावले' असं आहे, कारण भाषांतर इंग्रजी बातमीवरून झालंय. आणि पुस्तिका तर म्हणते की या एका शब्दाच्या चुकीने हिरोशिमा झालं. तारखा बघा : आदेश २५ जुलैचा, जाहीरनामा २६ चा, सुझुकी बोलले २८ ला. आदेश जाहीरनाम्याच्याही एक दिवस आधी निघाला होता. त्या जाहीरनाम्यात 'तात्काळ आणि संपूर्ण विनाश' एवढंच होतं, अणुबॉम्बचं नावही नव्हतं.

तिसरं, आदेशातली डोळ्यांनी लक्ष्य दिसण्याची अट. भाषांतरात फक्त 'अनुकूल हवामान' आहे. ती अट गाळली की ९ ऑगस्टचा दिवस समजतच नाही. त्या दिवशी लक्ष्य कोकुरा होतं. विमानाने तीन फेऱ्या मारल्या, धुरक्यातून शस्त्रागार दिसलं नाही. त्यातच एक पंप बिघडल्याने राखीव इंधन वापरता येत नव्हतं. मग नागासाकी. तिथेही ढग होते, आणि बॉम्ब ठरल्या जागेपासून जवळजवळ तीन किलोमीटर लांब, उराकामीच्या खोऱ्यात फुटला. आदेशातल्या एका शब्दाने एक शहर वाचलं आणि दुसरं गेलं. 'अनुकूल' लिहून हे सगळं पुसलं जातं.

कालपट दिसायला देखणा, भिंतीवर लावण्याजोगा, पण वेळा कुठल्या घड्याळाच्या ते कुठेच लिहिलेलं नाही. हिरोशिमावर ६ ऑगस्टला सकाळी ८.१५ ला बॉम्ब फुटला. खाली ट्रुमन यांचं निवेदन, ६ ऑगस्ट, सकाळी ११. निवेदनाची सुरुवात आहे 'सोळा तासांपूर्वी'. हुशार मुलगा लगेच म्हणतो, सर, हे तर पावणेतीनच तास झाले. वॉशिंग्टन तेव्हा जपानपेक्षा १३ तास मागे होतं, म्हणजे तिथे ५ तारखेची संध्याकाळ, ७.१५ झाले होते. आता मोजा, सोळा तास जवळपास बरोबर येतात. विमान पॅसिफिकमधल्या टिनियन बेटावरून पहाटे २.४५ ला उडालं तेही टिनियनच्या वेळेने, जी जपानच्या एक तास पुढे; म्हणून प्रवास साडेपाच नव्हे, साडेसहा तासांचा. आणि पुण्यात? युद्धकाळात आपलं घड्याळ एक तास पुढे केलेलं होतं, त्यामुळे इथे पहाटेचे ५.४५ झाले होते. कालपटाखाली पेन्सिलीने चार घड्याळांची एक पट्टी आखली की काम भागतं.

त्याच कालपटावर सोव्हिएत युनियनची युद्धात उडी नागासाकीच्या खाली छापली आहे. क्रम उलटा करायला हवा. मॉस्कोने ८ ऑगस्टला संध्याकाळी युद्ध पुकारलं, मध्यरात्रीनंतर जपानच्या ताब्यातल्या मांचुरियात सैन्य घुसलं. ९ तारखेला सकाळी साडेदहाला टोकियोत सर्वोच्च युद्धपरिषद बसली तेव्हा नागासाकीवर बॉम्ब पडायचा होता; तो पडला ११.०२ ला. जपानने कशामुळे शरणागती पत्करली, हा वाद या अर्ध्या तासावर आणि त्याआधीच्या रात्रीवर उभा आहे.

नकाशा आणि पारदर्शक तावाचं काम मात्र मनापासून आवडलं. तावावर स्फोटाच्या खालच्या बिंदूपासून ५०० मीटर, १, २ आणि ३ किलोमीटरची वर्तुळं आहेत आणि त्याच प्रमाणावरचा पुण्याचा कोरा नकाशा मागच्या पानावर दिलाय. मध्य शनिवारवाड्यावर ठेवला तर २ किलोमीटरच्या वर्तुळात कसबा, रविवार पेठ, मंडई, डेक्कन जिमखाना येतात आणि कड स्वारगेटपाशी पोहोचते. पुणे स्टेशन थोडं बाहेर राहतं. हिरोशिमात साधारण एवढाच भाग जळून सपाट झाला. पण हे शेवटी करा. सुरुवातीला केलंत तर पुढचे दोन तास कोणाचंही कागदात लक्ष लागत नाही. दोन गोष्टी सोबत सांगाच : हिरोशिमा नद्यांच्या मुखावरचं सपाट, लाकडी घरांचं शहर होतं, आणि नागासाकीत बॉम्ब जास्त ताकदीचा असूनही डोंगरांनी काही भाग आडोशाला राहिला. वर्तुळ म्हणजे शहर नव्हे. झेरॉक्स काढताना नकाशा ए-४ वरून ए-३ वर मोठा केलात तर तावही तितकाच, १४१ टक्के, मोठा करून घ्या. नाहीतर २ किलोमीटरचं वर्तुळ १.४ किलोमीटरचं होऊन बसतं आणि स्वारगेट सुखरूप दिसतं.

मृतांच्या आकड्यांत पुस्तिका नेमकी आहे : १९४५ च्या अखेरपर्यंत हिरोशिमात सुमारे १,४०,०००, नागासाकीत सुमारे ७४,०००. त्यात किरणोत्साराने नंतर दगावलेले कसे येतात, हेही दोन ओळींत नीट सांगितलंय.

साध्या बॉम्बफेकीवर एकही कागद नाही, हे खटकलं. ९-१० मार्चच्या रात्री टोकियोत जवळपास एक लाख माणसं आगीत गेली होती. ते माहीत नसेल तर वॉशिंग्टनमधल्या माणसांना शहर हे लक्ष्य म्हणून एवढं सहज का वाटलं, ते कळणार नाही. पुण्याला तर यासाठी लांब जायला नको. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान जपानमधल्या ज्या ओकायामाच्या मैत्रीखातर उभं आहे, ते शहर २९ जून १९४५ च्या पहाटे आगलाव्या बॉम्बनी जळालं. तिथला किल्लाही त्यात गेला. वर्गाची सहल तिकडे न्यायची असेल तर हा धागा आधी हातात द्या. पुढच्या आवृत्तीत प्रकाशकाने ओकायामाचं एक पान घालावं, अशी कळकळीची विनंती.

छपाईबद्दल. प्रतींचा कागद जाड आहे, दहा-बारा हातांतून गेला तरी टिकतो. टंकलिखित कागदांपैकी चौथा (लक्ष्य-समितीचं १०-११ मेचं टिपण) फार फिका आलाय. बॉम्ब निवडलेल्या शहराच्या मध्यभागी टाकण्याचा प्रयत्न करावा, कारखान्यांचे भाग लहान व शहराच्या कडेला आहेत, हा मजकूर त्यातच आहे आणि तो वाचता यायलाच हवा. ट्रुमन यांच्या २५ जुलैच्या डायरीचं पान पेटीत आहे, ज्यात लक्ष्य सैनिक आणि खलाशी असतील, बायका-मुलं नव्हेत, असं त्यांनी लिहिलंय. हे दोन कागद शेजारी ठेवायचे आहेत, म्हणून चौथा ठळक करून घ्या. पेटीचं झाकण मात्र पहिल्याच पावसाळ्यात वाकेल. कागद प्लास्टिकच्या फाइलमध्ये हलवा.

वेळ तीन तास धरा आणि दोन दिवसांत विभागा. पहिल्या दिवशी मे-जूनचे कागद आणि समितीची नक्कल, दुसऱ्या दिवशी जुलै-ऑगस्ट आणि नकाशा. एका तासिकेत उरकायची वेळ आली तर फक्त तीन कागद घ्या : चौथा, २५ जुलैचा आदेश, आणि आपण घातलेला तेविसावा. विकत घेताना पेटी दुकानातच उघडून ताव बघा. काही पेट्यांत त्याची घडी नेमकी मध्यबिंदूवरून गेली आहे आणि तिथली शाई उडालेली आहे. तसा निघाला तर बदलून मागा.